रविवारचा फोन

वाचकाचं पत्र :

नमस्कार. मी सांगलीचा. जलसंपदा खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. एकुलती एक मुलगी जर्मनीत डार्मश्टाटला पीएचडी करते. दर रविवारी दुपारी आमचा व्हिडिओ कॉल असतो. आधी तासभर मायलेकींचं चालतं, मग ‘घे, बाबांशी बोल’ म्हणून ही फोन माझ्याकडे देते. मी विचारतो, जेवलीस का, थंडी किती आहे, घरभाडं भरलं का, तुझे गाइड काय म्हणतात, पैसे लागतात का. ती उत्तरं देते. दहा मिनिटांत आटपतं. मला यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

यंदा गणपतीला ती घरी आली होती. परत जायच्या दिवशी, गाडी दारात लागली तेव्हा तिनं माझ्या हातात एक पुस्तक ठेवलं, मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वज्ञाचं ‘आय अँड दाउ’. म्हणाली, “बाबा, हे वाचा. आपण दर आठवड्याला बोलतो, पण तुम्ही आणि मी कधी बोललोच नाही.” आणि गेली. ते वाक्य डोक्यातून जात नाही.

पुस्तक वाचायला घेतलं. आयुष्यभर इंग्रजी निविदा आणि अहवाल वाचले, पण यातलं एक वाक्य धड दुसऱ्याला जोडता येईना. तिसाव्या पानावर अडकलोय. खरं सांगायचं तर थोडा रागही आला. आम्ही तिच्यासाठी काय कमी केलं? माझ्या वडिलांशी मी सलग पाच वाक्यं बोललो नसेन, तरी त्यांचा माझ्यावर जीव होता हे मला कळत होतं.

जूनमध्ये एकदा ती म्हणाली होती की पीएचडी सोडावीशी वाटते. मी लगेच विचारलं, व्हिसाचं काय होईल, पगार थांबला तर भाडं कुठून भरशील. ती म्हणाली, “तसं काही नाही हो बाबा, सहज म्हटलं.” विषय संपला. मी जबाबदारीनं वागलो असं मला वाटतं. मागच्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली, तीही तिला पंधरा दिवसांनी सांगितली. परक्या मुलखात पोरीच्या जिवाला घोर नको.

येत्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. त्याआधी या माणसाचं म्हणणं काय ते सोपं करून सांगा. आणि मी नक्की काय शिकायचं, तेही सांगा.

– एक बाप, सांगली

*

नमस्कार.

आधी ते पुस्तक बाजूला ठेवा. ते कळत नाही यात तुमच्या इंग्रजीचा दोष नाही. १९२३ साली जर्मनमध्ये आलेलं हे पुस्तक निम्मंअधिक कवितेच्या अंगानं लिहिलंय. इंग्रजीत ते दोनदा आणावं लागलं, १९३७ साली आणि पुन्हा १९७० साली, तरी ते सोपं झालं नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गातली मुलंही त्यात सुरुवातीलाच येणाऱ्या झाडाच्या उदाहरणापाशी अडकतात. तुमच्या घरातल्या प्रश्नाला याच माणसाचा ‘संवाद’ हा निबंध जास्त कामाचा आहे. इंग्रजीत तो ‘बिटवीन मॅन अँड मॅन’ या १९४७ च्या संग्रहात मिळतो. त्यात प्रसंग आहेत, माणसं आहेत, एक घोडाही आहे.

बूबर १८७८ साली व्हिएन्नात जन्मला, लेंबर्गला आजी-आजोबांकडे वाढला. लेंबर्ग म्हणजे आजचं युक्रेनमधलं ल्विव्ह. पुढे तो जर्मनीत हेपेनहाइम या गावी १९१६ ते १९३८ राहिला. ‘आय अँड दाउ’ तिथेच पुरं झालं, आणि हे गाव तुमच्या मुलीच्या डार्मश्टाटपासून जवळच आहे. तेव्हा तिला हा माणूस कुठे भेटला असेल याचं नवल वाटत नाही.

त्याचं म्हणणं असं. माणूस जगापुढे दोन तऱ्हांनी उभा राहतो. एका तऱ्हेत समोरचं जे काही आहे ते माझ्यासाठी ‘ते’ असतं. मी ते मोजतो, पारखतो, वापरतो, त्याच्याबद्दल माहिती जमवतो. दुसऱ्या तऱ्हेत समोरचा ‘तू’ असतो. तेव्हा मी काही जमवत नसतो, अख्खाच्या अख्खा त्याच्यापुढे हजर असतो. आणि या दोन्ही वेळचा ‘मी’ सारखा नसतो. मुलीची चौकशी करणारा मी वेगळा आणि मुलीपुढे बसलेला मी वेगळा. चौकशी करणाऱ्याला स्वतःचं काही पणाला लावावं लागत नाही.

इथे बऱ्याच वाचकांचा एक गैरसमज होतो, कदाचित तुमच्या मुलीचाही झाला असेल, की ‘मी-ते’ म्हणजे वाईट आणि ‘मी-तू’ म्हणजे चांगलं. बूबर असं म्हणत नाही. तुम्ही नोकरीभर बंधाऱ्याच्या भिंतीतून पाणी किती झिरपतं ते मोजलंत, ते ‘मी-ते’च होतं, आणि तुमच्यासारख्यांनी ते नीट केलं म्हणून खालच्या गावांना झोप लागली. ‘ते’शिवाय माणसाला जगताच येत नाही, असं तो स्वच्छ लिहितो; फक्त ‘ते’ घेऊन जगणारा मात्र माणूस उरत नाही, असं त्याला लागूनच लिहितो. शिवाय प्रत्येक ‘तू’ला थोड्या वेळानं पुन्हा ‘ते’ व्हावंच लागतं, हे तो माणसाच्या नशिबातलं दुःख मानतो. चोवीस तास ‘मी-तू’मध्ये कुणी राहत नाही. बूबरही राहत नव्हता.

म्हणून “भाडं भरलंस का” हा प्रश्न गुन्हा नाही. विचारत राहा.

त्या ‘संवाद’ निबंधात बूबर बोलण्याचे तीन प्रकार सांगतो. एक खरा संवाद. दुसरा कामापुरता, ज्यात एकमेकांचं म्हणणं नेमकं कळलं म्हणजे झालं. तुमचे रविवार बहुतेक याच खात्यात जातात. तिसरा सगळ्यांत फसवा, म्हणजे संवादाचा वेश घेतलेलं स्वगत. दोघं समोरासमोर बसून बोलतात आणि प्रत्येक जण आपल्याशीच बोलत असतो. या तिसऱ्या खात्यात तो वादविवाद घालतो, मित्रांच्या गप्पा घालतो आणि प्रेमिकांचं गुळचट बोलणंही घालतो. हे जरा जास्तच कडक आहे असं मला वाटतं. मित्रांच्या रिकाम्या गप्पांतून कधी काय निघेल सांगता येत नाही, आणि उठसूट आपल्या गप्पा तपासत बसणाऱ्या माणसाशी गप्पा कोण मारणार! पण तिसरा प्रकार अस्तित्वात आहे, हे तुम्ही कोणत्याही लग्नाच्या पंगतीत पाहू शकता.

तुमच्या वडिलांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला महत्त्वाचं वाटतं. तुम्ही ते बूबरच्या विरोधात पुरावा म्हणून दिलंत, पण तो उलट तुमच्या बाजूनं उभा राहील. त्याच निबंधाच्या सुरुवातीला अनोळखी दोन माणसं एका बाकावर शेजारी बसलेली आहेत. त्यातला एक मनानं मोकळा, दुसरा स्वतःला आत कोंडून घेतलेला. एक शब्द होत नाही, एकमेकांकडे नजरही जात नाही, आणि तरी त्या दुसऱ्याच्या आतली गाठ सुटते. संवादाला आवाज लागत नाही, खूणसुद्धा लागत नाही, असं तो म्हणतो. तुमच्या वडिलांबरोबर तुमचं तसं घडलं असेल. फक्त ते एका छपराखाली, एका ताटापाशी घडलं. हजारो किलोमीटरवरच्या माणसाला तुमचं गप्प बसणं ऐकू येत नाही. तिला ऐकू येतात ते प्रश्न, आणि मग फोन आईकडे परत गेल्याचा आवाज.

आता जूनकडे येतो. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जड वाटलेली ओळ तीच आहे, आणि तुम्ही ती जवळजवळ जाता जाता लिहिलीत.

जुलै १९१४. बूबर छत्तीस वर्षांचा होता. तेव्हा त्याला गूढ अनुभवांची, ध्यानाची, देहभान हरपण्याची ओढ होती. एका सकाळी तो अशाच तंद्रीत होता आणि दुपारी एक तरुण भेटायला आला. बूबर त्याच्याशी आपुलकीनं बोलला. त्याला घाईत वाटेला लावलं नाही, त्या वयाच्या इतर मुलांशी बोलायचा तसाच मनमोकळा बोलला. त्यानं जे विचारलं त्याची लक्षपूर्वक उत्तरं दिली. फक्त, त्या मुलानं जे प्रश्न विचारले नाहीत ते ओळखायचं राहून गेलं. पुढे तो मुलगा जिवंत नव्हता तेव्हा त्याच्या एका मित्राकडून बूबरला कळलं की तो सहज गप्पा मारायला आला नव्हता. आयुष्याचा एक निर्णय त्याच्यापुढे उभा होता आणि त्यासाठी तो नेमका बूबरकडे आला होता.

या मुलानं आत्महत्या केली असं बरेच जण लिहितात. तसं नव्हतं. तो पहिल्या महायुद्धात आघाडीवर मारला गेला. मात्र मरणाला आता अडवायचं नाही, अशा मनःस्थितीत तो गेला असं बूबरला वाटत राहिलं. तुमच्या काळजाचा ठोका चुकवायला मी हे सांगत नाहीये. तुमची मुलगी जून महिन्यानंतर गणपतीला हसतखेळत घरी आली, मोदक खाऊन गेली, पुस्तक देऊन गेली. पुस्तक देणाऱ्या माणसाला तुमच्याकडून अजून काही हवं असतं. तेव्हा रात्री अडीचला तिला फोन लावू नका.

त्या दुपारी बूबरचं नेमकं काय राहिलं, ते बघा. तो उद्धट वागला नव्हता, आळशीपणा केला नव्हता. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं होतं. कुठल्याही तपासणीत तो पास झाला असता. तुम्हीही जूनमध्ये पास झाला असतात. व्हिसाचा प्रश्न योग्य होता, भाड्याचाही. पण तुमची मुलगी पीएचडीपर्यंत पोचलेली आहे, व्हिसाचे नियम तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत. हे गणित तिनं आधीच शंभरदा मांडलं असणार. निराश झालेला माणूस हिशेब तपासून घ्यायला बापाकडे जात नाही, असं त्या गोष्टीच्या शेवटी बूबर जे म्हणतो त्याच्या आधारानं मी म्हणेन. तो लिहितो की अशा वेळी माणसाला समोर कुणीतरी हजर हवं असतं, आणि सगळं असूनही जगण्याला अर्थ आहे हे त्या हजेरीतून कळायला हवं असतं.

तिच्या “सहज म्हटलं”वर तुम्ही विश्वास ठेवलात. मराठी घरांत “सहज” हा शब्द सहजपणे कुणी वापरत नाही, हे आपल्याला दोघांनाही ठाऊक आहे.

त्या प्रसंगानंतर बूबरनं आपली वाट बदलली. देहभान हरपण्याच्या त्या खास घटका त्यानं सोडून दिल्या, किंवा त्यांनीच त्याला सोडलं, असं तो म्हणतो. यापुढे रोजचा दिवस सोडून माझ्याजवळ काही नाही, आणि त्या दिवसातून मला कुणी उचलूनही नेत नाही, अशा अर्थाचं त्यानं लिहिलंय. नऊ वर्षांनी आलेल्या त्या अवघड पुस्तकामागे ही दुपार आहे. तीस पानांत झाड दिसतं, हा मुलगा दिसत नाही.

अँजिओप्लास्टीबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

बूबर तीन वर्षांचा असताना त्याची आई घर सोडून गेली आणि त्याला लेंबर्गला आजी-आजोबांकडे पाठवलं. दोघंही सुसंस्कृत माणसं, आजोबा तर ज्यू धर्मग्रंथांचे नावाजलेले पंडित, पण माणसांच्या आयुष्यात काय चाललंय हे बोलायची त्या घरात रीत नव्हती. आई कुठे गेली हे आजी-आजोबा सांगत नव्हते आणि पोर विचारायला धजत नव्हतं. आई येईलच असं ते धरून चाललं होतं. त्या घराला आतल्या चौकाभोवती लाकडी सज्जा होता. चौथ्या वर्षी तो शेजारच्या एका मोठ्या मुलीबरोबर त्या कठड्याला टेकून उभा असताना ती म्हणाली, “नाही, ती कधीच परत येणार नाही.” त्याला घरच्यांनी जे सांगितलं नाही ते शेजारणीच्या पोरीनं सांगितलं. पुढे म्हातारपणी त्यानं लिहिलंय की माणसामाणसांतल्या खऱ्या भेटीबद्दल मला जे काही कळलं, त्याची सुरुवात त्या सज्ज्यात झाली असावी.

त्या आजी-आजोबांचा हेतू वाईट होता असं कोण म्हणेल? पोराच्या जिवाला घोर नको, एवढंच त्यांनाही वाटलं असणार. तुमची मुलगी चार वर्षांची नाही. तिला पंधरा दिवसांनी कळलं याचा अर्थ तिनं मधले रविवार एका अशा बाबांशी बोलण्यात घालवले जे प्रत्यक्षात नव्हतेच. तिथे थंडी किती आहे हे विचारणारा एक ठणठणीत माणूस तिच्यासमोर बसवला होता. आणि तिच्या आईला तर तासभर बोलायचं होतं! त्या माउलीनं ते कसं निभावलं असेल याचा तुम्ही विचार केलाय का?

बूबर उतारवयात एका निबंधात म्हणतो की दोन माणसं बोलायला बसतात तेव्हा जागेवर आठ जण असतात. समजा पीटर आणि पॉल आहेत. पीटरला पॉलपुढे जसं दिसायचंय तो एक पीटर, आणि पॉलला पीटरपुढे जसं दिसायचंय तो एक पॉल. मग पॉलला पीटर जसा भासतो तो, आणि पीटरला पॉल जसा भासतो तो. शिवाय दोघं स्वतःला जसे वाटतात ते दोन. ही झाली सहा भुतं. उरलेली दोन हाडामांसाची माणसं, त्यांना या गर्दीत बोलायला जागाच मिळत नाही. तुमच्या रविवारच्या फोनवर काळजी न करणारे, तब्येतीनं ठणठणीत बाबा आणि सगळं झकास चाललेली लेक असे दोघं बोलतात. जूनमध्ये लेकीनं क्षणभर तो मुखवटा काढला होता.

यावरून तुम्ही असा अर्थ काढू नका की मनात येईल ते सगळं तिला सांगत सुटायचं. बूबरही तसं म्हणत नाही. सगळं बोलून दाखवण्याची त्याची अट नाही, फक्त दोघांच्या मधे देखावा शिरू द्यायचा नाही, एवढीच आहे. तुमच्या रक्तदाबाचे आकडे तिला रोज कळायची गरज नाही. पण ऑपरेशन थिएटरबाहेर स्ट्रेचरवर पडून तुम्हाला काय वाटलं, हे तिनं कधी ऐकलंय का?

आता एक बारीकशी गोष्ट, पण मला ती फार कामाची वाटते. व्हिडिओ कॉलवर कोपऱ्यात आपलाच चेहरा दिसतो. बोलताना तुमची नजर किती वेळा तिकडे जाते, ते या रविवारी मोजा.

बूबर अकरा वर्षांचा असताना उन्हाळ्यात शेतीवाडीवर जायचा. तिथे तबेल्यात ठिपकेदार करड्या रंगाचा एक उमदा घोडा होता. कुणाचं लक्ष नसताना तो तबेल्यात शिरायचा आणि त्या घोड्याची मान कुरवाळायचा. घोडा मान वर करायचा, कान हलवायचा, हळूच फुरफुरायचा. आपल्याहून अगदी निराळा एक जीव आपल्याला जवळ येऊ देतोय, हे त्या पोराला हाताखाली कळत होतं. एक दिवस कुरवाळता कुरवाळता त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. किती मजा येतेय, असं मनात आलं. खेळ पुढे चालू राहिला, पण ते आधीचं काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं भरपूर चारा घातला, मानेवरून हात फिरवला. घोड्यानं मान वर केली नाही. घोड्याला खरंच काही उमगलं असेल असं मोठेपणी त्याला वाटत नव्हतं, पण त्या वेळी मात्र आपल्याविरुद्ध निकाल लागल्यासारखं वाटलं.

तुम्ही विचारता, मी नक्की काय शिकायचं. माझी अडचण ही आहे. मी तुम्हाला चांगल्या संवादाच्या पाच युक्त्या दिल्या, तर तुम्ही निवृत्त अभियंते आहात, त्या तुम्ही चोख पाळाल, आणि रविवारभर स्वतःच्या हाताकडे बघत बसाल. बूबर हे ओळखून होता. खरी भेट ठरवून घडवता येत नाही, ती शोधून सापडत नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. आपल्या हातात असतं ते एवढंच, की ती आली तर आपण घरी असावं.

तुमच्या रागाबद्दलही बोलायला हवं. तो राग मला खरा वाटतो, आणि त्यात थोडी भीतीही असावी. मुलीचं ऐकून घेणं म्हणजे तिचं सगळं मान्य करणं, असं तुम्ही धरलंय का? पीएचडी सोडणं चूक आहे असं तुमचं मत असेल तर ते मत सोडायची गरज नाही. १८ एप्रिल १९५७ ला अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात बूबरची कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाशी जाहीर चर्चा झाली. समोरच्याला तो आहे तसा स्वीकारणं, यावर रॉजर्सचा भर होता. बूबर म्हणाला की नाही, ती सुरुवात झाली. माणूस आज आहे तसा पत्करायचा आणि त्याच्यात जे होण्याची शक्यता आहे तिलाही बळ द्यायचं, आणि त्यासाठी कधी त्याच्या बाजूनं त्याच्याशीच झगडायचं. तुम्ही बाप म्हणून तुमच्या जागी ठाम उभे राहा. फक्त त्या जागेवरून एकदा पलीकडची बाजू अंगावर घेऊन बघा. जूनमधल्या त्या दुपारी डार्मश्टाटच्या खोलीत बसून “सोडावीशी वाटते” म्हटलं, आणि फोनमधून “भाडं कुठून भरशील” ऐकू आलं. ते कसं लागतं, एवढंच.

आणि आता तुमच्या मुलीसाठी दोन ओळी, हे सदर तिच्यापर्यंत पोचलं तर. बाई गं, पुस्तक दिलंस ते छान केलंस. पण गाडी दारात लावून, निकाल वाचून दाखवून निघून जायचं आणि बापाला अपील करायलाही जागा ठेवायची नाही, हेही बूबरच्या वहीत बसत नाही. “आपण कधी बोललोच नाही” हे वाक्य म्हणजे बाबांचं मोजमाप आहे. ‘मी-ते’च आहे ते. आणि बाबांना जे येतं, त्यात त्यांची माया आहे. “थंडी किती” हा प्रश्न तू बाजूला सारलास, तर त्याच्यामागचा माणूसही बाजूला सरतो. बूबरनं आपल्या पुस्तकाला १९५७ साली जोडलेल्या उत्तरलेखात कबूल केलंय की शिक्षक-विद्यार्थी, रुग्ण-उपचारक अशा काही नात्यांत पुरी बरोबरी होऊ शकत नाही, झाली तर ते नातंच संपेल. बाप-लेक त्यात धरावेत असं माझं मत आहे. तू मैत्रिणीसारखी बापाकडून अपेक्षा करू नयेस.

बाकी एका बाजूनं कितीही मन लावलं तरी उत्तर येईलच याची हमी कुणाला नसते, खुद्द बूबरलाही मिळाली नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी वर्ध्याजवळच्या सेगावातून, म्हणजे पुढच्या सेवाग्रामातून, ज्यूंवर एक लेख लिहिला. जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा आणि पॅलेस्टाइन अरबांचं आहे, असा त्याचा रोख होता. बूबर त्याच वर्षी मार्चमध्ये जर्मनी सोडून जेरुसलेमला आला होता आणि गांधींना फार मानत होता. तो लेख वाचून तो कळवळला. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यानं गांधींना लांबलचक पत्र लिहिलं. अरबांशी दोन हात करायचे म्हणून लिहिलेलं ते पत्र नव्हतं. दोन लोक, एक भूमी, दोघांनी मिळून राहावं, हा त्याचा आग्रह पुढेही शेवटपर्यंत टिकला आणि त्यासाठी त्यानं आपल्याच लोकांची बोलणी खाल्ली. गांधींचं उत्तर आलं नाही. पत्र त्यांच्या हाती पडलंच नसावं, असं अभ्यासक मानतात. बूबरनं ते छापलं आणि आपलं म्हणणं मांडत राहिला. १९६५ साली तो जेरुसलेमला वारला.

या रविवारी असं करा. फोन आधी तुम्ही घ्या, शेवटच्या दहा मिनिटांसाठी नको. व्हिडिओ बंद ठेवा, किंवा निदान तो कोपऱ्यातला स्वतःचा चौकोन झाकून टाका. भाडं, थंडी, जेवण विचारायचं असेल तर विचारून घ्या, ते दाबून धरलंत तर अस्वस्थ व्हाल. मग तिला सांगा, “जूनमध्ये तू पीएचडीचं म्हणालीस तेव्हा मी व्हिसाचं विचारलं. तुझं तेव्हा काय चाललं होतं?” आणि थांबा. ती लगेच बोलणार नाही. “काही नाही हो बाबा” असंही म्हणेल. ती रिकामी जागा भरायला तुमची जीभ वळवळेल, पुढचा प्रश्न तयार असेल, तो विचारू नका. तिनं काहीच सांगितलं नाही, तर तुम्ही सांगा. स्ट्रेचरवरचं सांगा. तिनं पुढच्या दोन-तीन रविवारीही काही सांगितलं नाही, तरी तो विषय पुन्हा उकरून काढू नका. तुम्ही दार उघडलंय हे तिला कळलेलं असेल.

त्यानंतर फोन पुन्हा भाड्यावर आणि गाइडवर येईल. येऊ द्या.

मेमध्ये जाल तेव्हा तिला म्हणा, हेपेनहाइमला जाऊ. डार्मश्टाटहून रेल्वेनं साधारण अर्ध्या तासाचा रस्ता आहे. बूबरचं घर तिथे अजून उभं आहे, आणि ख्रिस्ती-ज्यू संवादाचं काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेचं कार्यालय त्यात आहे. कार्यालय असल्यानं आतून पाहायचं असेल तर आधी विचारून वेळ ठरवायला हवी, ते काम लेकीकडे द्या. पुस्तक पुरं झालेलं नसलं तरी चालेल. आणि प्रवासविम्याच्या अर्जात अँजिओप्लास्टीची नोंद न विसरता करा. तिथे लपवलंत तर विमा कंपनी पुढे दावा नाकारू शकते.